बॉलिंग कोचचं नाव सांगा

२९ जून २०२४ च्या रात्री बार्बाडोसला काय घडलं ते आपल्यापैकी कुणालाच सांगायला नको. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या, सहा गडी हातात होते आणि क्लासेन पेटला होता. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी "झोपतो मी" असं लिहूनही टाकलं होतं. पुढची चार षटकं मला अजून पाठ आहेत. बुमराह, चार धावा. हार्दिक, चार धावा आणि क्लासेनची विकेट. पुन्हा बुमराह, फक्त दोन. अर्शदीप, चार. मग शेवटचं षटक, सीमारेषेवर सूर्यकुमारचा तो झेल, आणि सात धावांनी विश्वचषक आपला.

आता एक प्रश्न विचारतो. त्या संघाचा बॉलिंग कोच कोण होता?

हा प्रश्न मी गेल्या दिवाळीत बऱ्हाणपूरला आमच्या घरात विचारला. फराळाला नऊ माणसं बसली होती आणि नऊही जण सामना बघताना पंचांना शिव्या घालणारी. हेड कोच राहुल द्रविड, हे सगळ्यांना ठाऊक. बॉलिंग कोच? कुणी झहीर म्हणालं, कुणी मॉर्कल. आत्या म्हणाली, "तो उंच, चष्मेवाला आहे ना, तो." कोण ते तिलाही सांगता येईना. कोपऱ्यात चिवडा खात बसलेल्या बाळूने मान वर न करता सांगितलं, "पारस म्हांब्रे."

बाळू माझा चुलतभाऊ. वय २४, बी.कॉम. झालेला, डावखुरा मध्यमगती गोलंदाज. वयोगटांच्या स्पर्धांमध्ये जिल्ह्याकडून खेळला, इंदूरच्या निवड चाचण्यांना तीनदा जाऊन आला, तिसऱ्या वेळी गुडघा दुखावून परतला. गेलं दीड वर्ष तो सकाळी साडेपाचला मैदानावर जातो आणि लहान मुलांना शिकवतो. दिवाळीच्या दोन दिवस आधी त्याने घरात जाहीर केलं होतं की आपण बँकेच्या परीक्षा देणार नाही, लूमवरही बसणार नाही. आपल्याला कोच व्हायचं आहे. मोठा, संघाचा कोच नव्हे. बॉलिंग कोच.

काकांचे यंत्रमाग आहेत. व्यापारी सूत देतो, आम्ही कापड विणून देतो, मीटरवर मजुरी मिळते. बऱ्हाणपुरात अशी शेकडो घरं आहेत, त्यात नवल काही नाही. वीजबिल वाढतं आणि मजुरीचा दर तसाच राहतो, हेही नवीन नाही. बाळूने बँकेत लागावं असं काकांना वाटतं त्यामागे ही गोष्ट आहे. त्यांनी मला गच्चीवर नेलं आणि म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस, पुण्यात राहतोस, तुझं ऐकतो तो. समजाव त्याला. हेड कोच होतो म्हणाला असता तर एक वेळ समजलो असतो. हा तर म्हणतो, दुसऱ्याच्या हाताखाली राहीन. त्याचं पुढे होतं काय?"

प्रश्न रास्त होता. दुसऱ्याच्या हाताखालच्या कोचचं पुढे काय होतं? समजावण्याआधी ते मला स्वतःला कळायला हवं होतं. म्हणून पुण्याला परतल्यावर मी म्हांब्रे यांच्यापासून सुरुवात केली.

पारस म्हांब्रे मुंबईचे, जन्म १९७२ चा. रणजीत विकेटांचा ढीग घालून १९९६ च्या इंग्लंड दौऱ्यावर गेले. त्यांच्या वाट्याला कसोटी सामने आले दोन. दुसरा लॉर्ड्सचा. हा तोच सामना, ज्यात सौरव गांगुलीने पदार्पणात १३१ केले आणि द्रविड पदार्पणातच ९५ वर बाद झाला. आपल्या पिढीने हा सामना हजारदा ऐकला आहे, पण अकरा जणांची यादी वाचायची तसदी मी पहिल्यांदाच घेतली. सलामीला विक्रम राठोड. मधल्या फळीत द्रविड. गोलंदाजांत म्हांब्रे. त्यानंतर ते कसोटी खेळले नाहीत. एकदिवसीय सामने तीन. झालं.

पंचवीस वर्षांनी, २०२१ च्या नोव्हेंबरात, हेच तिघं भारतीय संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये पुन्हा एकत्र होते. द्रविड हेड कोच, राठोड बॅटिंग कोच, म्हांब्रे बॉलिंग कोच. १९९६ च्या त्या दिवशी लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये कुणी ही भविष्यवाणी केली असती तर द्रविडपुरती खरी वाटली असती. बाकी दोघांचं नाव घेतल्यावर लोक हसले असते.

मधली पंचवीस वर्षं कशी गेली? बाळूला मी हाच भाग सावकाश वाचायला लावला. म्हांब्रे मुंबईसाठी खेळत राहिले, पावणेतीनशेहून अधिक प्रथम श्रेणी विकेट घेतल्या, २००२-०३ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने रणजी जिंकली. मग कोचिंग. तिशीत असतानाच ते बंगालचे कोच झाले. बंगाल सलग दोन वर्षं रणजीच्या अंतिम फेरीत गेला आणि दोन्ही वेळा हरला. त्यातली दुसरी, २००६-०७ ची फेरी वानखेडेवर, समोर मुंबई. चार वर्षांपूर्वी ज्या संघाचा कप्तान म्हणून करंडक उचलला, त्याच संघाविरुद्ध, त्याच मैदानावर, दुसऱ्या राज्याच्या बाकावर बसायचं! नोकरी म्हणजे नोकरी. पुढे विदर्भ, मुंबई इंडियन्स, बंगळूरची राष्ट्रीय क्रिकेट अकादमी, भारत अ, १९ वर्षांखालचा संघ. नकाशावर रेघा ओढल्या तर बदलीच्या नोकरीतल्या माणसासारखा प्रवास दिसतो. बायको-मुलं एका गावात, हा दुसऱ्या गावात, करार एका मोसमाचा किंवा दोन वर्षांचा, आणि संघ हरला की पुढच्या वर्षी कोण बोलावेल ते ठाऊक नाही.

१९ वर्षांखालच्या संघापाशी थोडं थांबतो, कारण तिथे दोन गोष्टी आहेत.

पहिली पैशांची. ३ फेब्रुवारी २०१८ ला न्यूझीलंडमध्ये पृथ्वी शॉच्या संघाने ऑस्ट्रेलियाला हरवून विश्वचषक जिंकला. द्रविड हेड कोच, म्हांब्रे बॉलिंग कोच. मंडळाने बक्षीस जाहीर केलं: द्रविडला ५० लाख, बाकी सपोर्ट स्टाफला प्रत्येकी २० लाख. द्रविडने हा फरक मान्य केला नाही. शेवटी सगळ्यांना सारखे २५ लाख देण्यात आले. म्हणजे द्रविडचे निम्मे झाले आणि इतरांचे पाच-पाच लाख वाढले. २०२४ च्या विश्वचषकानंतर बातमी आली की द्रविडने पुन्हा तसंच केलं, पाच कोटी नाकारून बाकी कोचांइतकेच अडीच कोटी घेतले. द्रविडच्या मोठेपणावर तेव्हा खूप लिहून आलं आणि ते योग्यच होतं. मला मात्र त्या बातमीची दुसरी बाजू दिसली. फरक आपोआप नाहीसा झाला नव्हता, वरच्या माणसाने स्वतःहून सोडला होता. वर असा माणूस नसेल तर? बाळूला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दादा, तुमच्या कंपनीत बोनस सारखा वाटतात का?" पुढे बोलायला मला काही राहिलं नाही.

दुसरी गोष्ट अर्शदीपची. २०१८ च्या त्या संघात तोही होता. तेव्हा गाजावाजा होता तो नागरकोटी आणि मावीचा, दोघंही १४०-१४५ च्या वेगाने टाकत होते. अर्शदीपला मोजकेच सामने मिळाले. सहा वर्षांनी बार्बाडोसला १९ वं षटक त्याच्या हातात होतं, आणि बाकावर बसलेला बॉलिंग कोच त्याला अठराव्या-एकोणिसाव्या वर्षापासून ओळखत होता. त्या विश्वचषकात अर्शदीपने १७ विकेट घेतल्या. बुमराहने १५ घेतल्या आणि षटकामागे सव्वाचारच्याही आत धावा दिल्या. त्यातलं किती अर्शदीपचं, किती बुमराहचं आणि किती कोचचं, हे कुणी मोजू शकत नाही. आमच्या धंद्यात निदान कोण काय करून गेला याची नोंद सिस्टिममध्ये राहते. कोचच्या कामाची अशी नोंद कुठेच राहत नाही.

पराभवाची मात्र राहते. १० नोव्हेंबर २०२२, ॲडलेड, टी-ट्वेंटी विश्वचषकाची उपांत्य फेरी. आपण १६८ केले. इंग्लंडने १६ षटकांत एकही गडी न गमावता ते पार केले. बटलर आणि हेल्स. बुमराह पाठीच्या दुखण्यामुळे स्पर्धेतच नव्हता. त्या दिवशी "बॉलिंग कोच काय करतो?" असं टीव्हीवर आणि बहुधा आपल्यापैकी निम्म्या घरांत विचारलं गेलं. पुढच्याच वर्षी सिराजने आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात २१ धावांत ६ बळी घेऊन श्रीलंकेला ५० त गुंडाळलं, वानखेडेवर विश्वचषकात तोच संघ ५५ त आटोपला, शमीने सात सामन्यांत २४ विकेट घेतल्या. तेव्हा हा प्रश्न कुणीच विचारला नाही. मग १९ नोव्हेंबरची अहमदाबादची रात्र आली. सलग दहा सामने जिंकून अकरावा हरलो. त्यावर मी काही लिहीत नाही, अजून त्रास होतो.

बार्बाडोसला करंडक हातात आला आणि त्याच दिवशी द्रविडबरोबर म्हांब्रे यांचाही कार्यकाळ संपला. या धंद्यातला हा भाग मला सगळ्यात विचित्र वाटला. काम नीट झालं, विश्वचषक आला, आणि सोमवारपासून तुम्ही मोकळे. गौतम गंभीर आले, त्यांनी आपली माणसं आणली, मॉर्नी मॉर्कल बॉलिंग कोच झाला. यात कुणावर अन्याय नाही, पद्धतच तशी आहे. हेड कोच बदलला की त्याच्याबरोबर आलेली माणसंही जातात. म्हांब्रे काही महिन्यांतच मुंबई इंडियन्सकडे परतले. तिथे लसिथ मलिंगा आधीपासून बॉलिंग कोच आहे, हे त्याच्या जोडीला.

अभिषेक नायरचंही थोडक्यात सांगतो, कारण त्यात आपले चंद्रकांत पंडित येतात. २०२४ ला कोलकाता नाइट रायडर्सने आयपीएल जिंकली तेव्हा पंडित हेड कोच होते आणि नायर त्यांचा सहायक. गंभीरबरोबर नायर भारतीय संघात सहायक कोच म्हणून गेला. ऑस्ट्रेलियात आपण कसोटी मालिका ३-१ ने हरलो, मार्च २०२५ मध्ये चॅम्पियन्स करंडक जिंकलो, आणि एप्रिलमध्ये नायरला मोकळं केल्याच्या बातम्या आल्या. तो पुन्हा कोलकात्याकडे गेला. काही महिन्यांनी पंडित तिथून बाहेर पडले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्या जागी हेड कोच म्हणून नायरचं नाव जाहीर झालं. दीड वर्षात एवढ्या उलथापालथी. काकांना हे फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "हे तर नगरपालिकेसारखंच झालं."

पंडितांचं नाव निघालं की आम्हा मध्य प्रदेशच्या मराठी लोकांचा गळा जरा भरून येतो. १९९९ च्या रणजी अंतिम सामन्यात मध्य प्रदेशचे कप्तान तेच होते. बंगळूरला पहिल्या डावात आघाडी घेऊनही कर्नाटककडून हरलो. २६ जून २०२२ ला, त्याच चिन्नास्वामीवर, पंडित कोच असताना आपण मुंबईला सहा गडी राखून हरवलं. होळकरांच्या संघाने पूर्वी चार वेळा रणजी जिंकली होती, पण मध्य प्रदेश या नावाने हा पहिलाच करंडक. त्या दिवशी समोरच्या बाकावर मुंबईचे कोच होते अमोल मुजुमदार. दोघंही आचरेकर सरांचे विद्यार्थी. मुजुमदार तो दिवस हरले, आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत त्यांच्याच हाताखाली आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला. भारताकडून एकही सामना न खेळलेला माणूस! ही गोष्ट आता सगळ्यांना माहीत झाली आहे. त्याच बाकावर बॉलिंग कोच म्हणून आविष्कार साळवी होते हे किती जणांना माहीत आहे? २००३ मध्ये भारताकडून चार एकदिवसीय सामने खेळलेला मुंबईचा वेगवान गोलंदाज. शिवाय खगोलभौतिकीचा उच्च अभ्यास केलेला. हे आमच्या आईला सांगितल्यावर तिचं मत जरा मऊ झालं. अभ्यासही करतात म्हणजे बरे लोक असावेत, असं तिचं म्हणणं पडलं.

ऑफिसात माझा एक अमेरिकन सहकारी आहे, बॉस्टनजवळचा. एका कॉलवर त्याला बाळूचं प्रकरण सांगितलं तर तो एकदम खुलला. त्यांच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे हेल्मेट घालून खेळतात त्या, एका संघाला वीस-वीस सहायक कोच असतात. प्रत्येक जागेच्या खेळाडूंचा कोच वेगळा. त्याच्या लाडक्या न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघात डांटे स्कार्नेकिया नावाचे एक कोच होते. ते ऑफेन्सिव्ह लाइनचे कोच. ही लाइन म्हणजे पाच अगडबंब माणसं. त्यांचं एक मुख्य काम: चेंडू हातात असलेल्या क्वार्टरबॅकपर्यंत समोरच्यांना पोचू न देणं. सेंटर चेंडू मागे देतो तेवढाच, बाकी चौघांच्या हाताला चेंडू सहसा लागतही नाही. एवढं झाकलेलं काम करणाऱ्यांना शिकवणारा तो माणूस. तब्बल ३४ मोसम तो पेट्रियट्सकडे सहायक म्हणून राहिला. २०१४ च्या सुरुवातीला निवृत्त झाला, आणि नेमका त्याच मोसमात संघ सुपर बोल जिंकला. दोन वर्षांनी संघाने त्याला परत बोलावलं, तो आला आणि आणखी दोन सुपर बोल जिंकून २०२० मध्ये कायमचा घरी गेला.

"त्याला कधी हेड कोच व्हायचं नव्हतं?" मी विचारलं. सहकारी म्हणाला, मला त्याच्याकडे बघून कधी हा प्रश्न सुचलाच नाही.

मला तो सुचला याचं कारण मी ज्या घरातून आलो ते घर. आपल्याकडे माणूस विचारतो, "आता कुठल्या पोस्टवर?" सीनिअर झालास का, मॅनेजर कधी होणार, हाताखाली किती माणसं. माझ्या कंपनीत मॅनेजर न होता तांत्रिक बाजूनेच वर जाण्याची वाट आहे, मी ती घेतली आहे आणि पगारात फारसा फरक नाही. तरी बऱ्हाणपूरला आलो की ही वाट मला दर वेळी नव्याने समजावून सांगावी लागते. तेव्हा बाळूचं "बॉलिंग कोच" घरात का रुचत नव्हतं ते मला नीट कळत होतं. त्यांना पैशांची काळजी होतीच, पण "हेड" हा शब्द नसल्याची खंत त्याहून मोठी होती.

पैशांची काळजी मात्र खोटी नव्हती, आणि ती मी बाळूसमोर झाकली नाही. म्हांब्रे, नायर, साळवी हे सगळे भारताकडून खेळलेले आहेत, भले तीन-चारच सामने. मुजुमदार भारताकडून खेळले नाहीत, पण रणजीत त्यांनी धावांचे डोंगर रचले. तू जिल्ह्याच्या पुढे गेला नाहीस. वरच्या संघांची दारं तुझ्यासाठी फार उशिरा उघडतील, कदाचित उघडणारही नाहीत. आज तुझ्याकडे २६ मुलं आहेत, महिन्याला प्रत्येकी पाचशे रुपये. त्यातले सात-आठ जण देत नाहीत आणि तू मागत नाहीस. पावसाळ्यात तीन महिने मैदान बंद. यावर संसार कसा होणार?

बाळूने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, मी टीम इंडियाचा कोच होतो असं कधी म्हटलं का? तूच म्हांब्रे-म्हांब्रे करतोयस. मला एवढंच माहीत आहे की मुलगा बॉल टाकताना त्याचा पुढचा पाय कुठे पडतो ते मला लांबून दिसतं. बाकीच्यांना दिसत नाही. इंदूरला मी तीनदा गेलो, तिन्ही वेळा कुणीतरी मला सांगायला हवं होतं की तुझा पाय आडवा पडतोय, गुडघा जाईल. कुणी सांगितलं नाही. म्हांब्रेसरांकडे बुमराह होता. माझ्याकडे ही २६ पोरं आहेत. त्यांचे गुडघे तर शाबूत ठेवतो."

मी त्याला समजावायला बसलो होतो. आपल्या २४ वर्षांच्या भावाने कामाविषयी इतकं स्पष्ट बोलावं, हे मला नवीन होतं. माझ्या टीममध्ये दहा वर्षं काम केलेल्यांना "तुला नेमकं काय येतं?" असं विचारलं तर एवढं थोडक्यात सांगता येणार नाही.

मग आम्ही दोघांनी मिळून कागद काढला. ग्वाल्हेरला लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आहे, १९५७ पासूनची, आपल्याच राज्यात. पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे, १९६१ ची, तिथे कोचिंगचा डिप्लोमा होतो. क्रिकेट मंडळाच्या स्वतःच्या लेव्हल एक, दोन, तीन अशा पायऱ्या आहेत. बी.पी.एड. केलं तर शाळेत खेळाच्या शिक्षकाची नोकरी मिळू शकते आणि सकाळ-संध्याकाळ मैदान हातात राहतं. आम्ही ठरवलं ते असं: आधी बी.पी.एड., त्याबरोबर संधी मिळेल तशी लेव्हल एक. दोन वर्षं. दोन वर्षांची फी आणि खर्च मी बघणार. कर्ज म्हणून, दान नाही. हे बाळूनेच लिहायला लावलं. दोन वर्षांनी शाळेतलं किंवा एखाद्या अकादमीतलं पगाराचं काम मिळालं नाही, तर पुन्हा बसून बोलायचं. त्या ओळीवर त्याने जरा कुरकुर केली, पण सही केली.

काकांशी बोलायला मी खास शनिवार-रविवार काढून गेलो. पुण्याहून भुसावळ, भुसावळहून बऱ्हाणपूर, गाडी नेहमीप्रमाणे उशिरा. मी लॅपटॉप उघडून बसलो, म्हांब्रे यांची सगळी वर्षं दाखवली, द्रविडने वाटून घेतलेले पैसे सांगितले, त्या अमेरिकन लाइन-कोचचंही सांगितलं. काका शांतपणे ऐकत होते. त्यातलं फारसं पोचलं नसावं. शेवटी त्यांनीच विचारलं, "म्हणजे आपल्या कारखान्यात मिस्त्री असतो, तसं?"

मी म्हटलं, "कसं?"

"कारागीर कापड विणतो. नाव व्यापाऱ्याचं होतं. मी मालक, मला मजुरी मिळते. पण माग बिघडला की तो लावणारा मिस्त्री नसेल तर आम्ही तिघंही बसून. आणि चांगला मिस्त्री एका कारखान्यात टिकत नाही, जो बोलावेल त्याच्याकडे जातो. त्याचं नाव कापडावर नसतं, पण त्याचा फोन नंबर बऱ्हाणपुरातल्या प्रत्येक कारखानदाराकडे असतो."

मी तीन महिने जे वाचत होतो ते काकांनी चहा संपायच्या आत मांडलं. मग लगेच पुढे म्हणाले, "पण मिस्त्रीला मुलगी द्यायला कुणी तयार नसतं, ते लक्षात ठेव." काकू आतून ओरडल्या, "तुमचे सासरे काय होते?" काकूंचे वडील रेल्वेत फिटर होते. त्यानंतर विषय थोडा वेळ बंद पडला.

होकार असा कुणी दिला नाही. पण बी.पी.एड.च्या प्रवेशासाठी जुनी गुणपत्रकं लागत होती, ती काकांनी स्वतः कपाटातून शोधून टेबलावर ठेवली. बँकेच्या क्लासची जाहिरात फ्रिजवर चिकटवलेली होती, ती अजून तिथेच आहे.

बाळूने मला मध्यंतरी एक काम दिलं. मोठ्या संघांत प्रत्येक गोलंदाजाने आठवड्यात किती चेंडू टाकले याचा हिशेब ठेवतात, वाढत्या वयात जास्त टाकले तर पाठ जाते. तसा हिशेब त्याला आपल्या पोरांचा ठेवायचा होता, मोबाइलवर. मी एका रविवारी साधी शीट करून दिली. २६ नावं, रोजचे चेंडू, आठवड्याची बेरीज, मर्यादा ओलांडली की रकाना लाल. गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला: एका बारा वर्षांच्या मुलाचा रकाना लाल झाला म्हणून त्याने त्याला चार दिवस बॉलिंग बंद केली. मुलाचे वडील भांडायला मैदानावर आले होते, फी कशाची घेता म्हणून. बाळूने त्यांना शीट दाखवली. ते मुलाला घेऊन निघून गेले. सोमवारी मुलगा एकटाच सायकलवर आला आणि बाळूच्या शेजारी बसून बाकीच्यांचे चेंडू मोजत होता.